तिकडं दुखतंय

माझी आई डॉक्टरांशी खोटं बोलते. इतर कुणाशी नाही. शेजारणीला तोंडावर सांगेल की तुझ्या आमटीला चव नाही, पण समोर पांढरा कोट आला की तिची मान खाली जाते, आवाज बारीक होतो आणि ती म्हणते, "बरं हाय."

जानेवारीत तिच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा या दोन शब्दांनी माझा जीव खाल्ला.

आईचं नाव जाईबाई. वय सहासष्ट. मोहन्याला राहते, माझा धाकटा भाऊ सम्यक तिच्याजवळ असतो. मी लग्नानंतर ठाकुर्लीला आले, तिथल्याच शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. दिवाळीनंतर आईला ताप आला. तो तिने पंधरा दिवस लपवला. सम्यक ऐरोलीला कामाला जातो, सकाळी निघतो आणि रात्री येतो, त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा न्यूमोनिया होऊन गेलेला आणि उजव्या फुप्फुसाभोवती पू साचलेला. सुईने काढून बघितला, औषधं दिली, पण तोवर तो घट्ट झालेला. ठाण्याला माजिवड्याजवळच्या एका हॉस्पिटलात सर्जनने आम्हाला एक्स-रे दाखवला. फुप्फुसावर जाड साल धरलीय, म्हणाले, ती सोलून काढल्याशिवाय ते फुगणार नाही. त्यासाठी बरगड्या फाकवाव्या लागतात. ऑपरेशन चांगलं झालं. आईच्या कुशीत दोन नळ्या राहिल्या आणि काखेखालून पाठीपर्यंत वीतभर टाके.

दुखू नये म्हणून भूलतज्ज्ञांनी पाठीच्या कण्याजवळ एक बारीक नळी ठेवलेली. दुसऱ्या दिवशी चादर बदलताना ती निसटली. कुणाच्या हातून, ते कुणी सांगितलं नाही. तोवर रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झालेली, त्यामुळे नळी लगेच परत घालता येईना. किडनीचा रिपोर्ट बिघडलेला, म्हणून नेहमीच्या दुखण्यावरच्या गोळ्या बंद. मॉर्फीनच्या जातीचं इंजेक्शन दिलं की आईला उलट्या व्हायच्या आणि श्वास इतका मंद व्हायचा की मशीन ओरडायला लागायचं. उरलं काय, तर पॅरासिटामॉल. बरगड्या फाकवलेल्या बाईला तापाची गोळी.

तरी कुणी धावपळ करत नव्हतं. कारण पेशंट बरी होती ना.

सकाळी एक ज्युनिअर डॉक्टर मुलगी यायची. तिच्याकडे चेहऱ्यांचा एक तक्ता होता, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. आजी, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तुमचं किती, असं विचारायची. आई तक्त्याकडे न बघता म्हणायची, "दोन." मुलगी कागदावर दोन लिहून पुढच्या खाटेकडे. ती वळली की आई माझी ओढणी मुठीत धरून दात आवळायची. कण्हायचीसुद्धा नाही, कारण कण्हायला श्वास लागतो.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या मागे पळत गेले. ती खोटं बोलतेय, म्हटलं. मुलगी गोंधळली. पेशंट स्वतः दोन म्हणतेय, मी नऊ कसं लिहू, असं म्हणाली. तिचंही बरोबर होतं. माझ्या वर्गात चाचणीच्या दिवशी अर्ध्या पोरांचं पोट दुखतं. दुखतंय असं खोटं सांगणारे मला लांबून ओळखू येतात. दुखत नाही असं खोटं सांगणाऱ्याचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी आईला विचारलं, का असं करतेस. डॉक्टरांना बिचाऱ्यांना किती कामं असतात, म्हणाली.

फिजिओथेरपिस्ट तीन निळ्या गोळ्यांचं खेळणं घेऊन आला. नळीतून श्वास ओढायचा, गोळ्या वर जातात. आईची एकही गोळी हलली नाही. खोका, म्हणाला, छातीशी उशी धरा आणि खोका. आईने उशी धरली, तोंड उघडलं आणि नुसतंच मिटलं. कफ छातीत घुरघुरत होता, बाजूच्या खाटेपर्यंत ऐकू जायचा. संध्याकाळच्या एक्स-रेत फुप्फुसाचा खालचा भाग परत मिटलेला दिसला. सर्जन आले आणि आईलाच बोलले. तुम्ही खोकला नाहीत तर परत घशात नळी घालायची वेळ येईल, आमची मेहनत वाया. आई म्हणाली, "हो साहेब." आणि खोकली नाही. खोकणार कशी?

चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, डॉ. देवयानी आल्या. भूलतज्ज्ञ. ऑपरेशननंतरच्या दुखण्याचं त्याच बघतात, असं सिस्टर म्हणाली. पन्नाशीची बाई, पायात स्पोर्ट्सचे बूट, गळ्यात चष्मा. त्यांनी आईला किती दुखतंय ते विचारलंच नाही. म्हणाल्या, "मावशी, जरा या कुशीवर वळा बरं." आई वळायला गेली आणि अर्ध्यात थांबली. चेहरा राखेसारखा झाला. डॉक्टर फक्त बघत राहिल्या. मग त्यांनी फाईल उघडली, तीन दिवसांचे दोन, दोन, दोन वाचले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी सांगून सांगून थकले.

त्या मला दाराशी घेऊन गेल्या आणि केटामाईन नावाचं औषध सुचवलं. जुनं आहे, मोठ्या मात्रेत भूल द्यायला वापरतात. आपण अगदी कमी मात्रा देणार, पंपातून, थेंबाथेंबाने. श्वास मंदावायचा धोका यात फार कमी आणि किडनीलाही हे चालतं. काही जणांना विचित्र वाटतं, छत हलल्यासारखं, अंग तरंगल्यासारखं. तसं झालं तर मात्रा कमी करू, नाही जमलं तर बंद करू. शेजारच्या सहा खाटांच्या खोलीत मॉनिटरवर ठेवू. मी लगेच हो म्हटलं. चार दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी करणार होतं.

सह्या व्हायच्या आत सम्यक आला. त्याने अर्धा दिवस सुट्टी टाकलेली. औषधाचं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि तो फोनमध्ये घुसला. माझा भाऊ वाईट नाही. पण त्याला वाटतं, फोनमध्ये पाच मिनिटं वाचलं की डॉक्टरच्या वीस वर्षांची बरोबरी होते. तो आईच्या खाटेपाशी उभा राहूनच म्हणाला, "ताई, हे घोड्यांना देतात. आणि पार्ट्यांमध्ये पोरं नशा करायला घेतात. तुला माहितीय का?"

आईने डोळे उघडले.

"कसलं औषध?"

"काही नाही आई, तू झोप."

"नशेचं म्हणाला तो."

तिथेच सगळं फिसकटलं. आमच्या घरात हा शब्द साधा नाही. बाबा, चांगदेव, रेयॉनच्या कंपनीत होते. कंपनी चालू होती तेव्हाही प्यायचे, बंद पडल्यावर जास्त. नऊ वर्षांपूर्वी लिव्हरने गेले. आई दर रविवारी विहारात बायकांची वंदना घेते, आणि पंचशीलातलं पाचवं, नशा आणणाऱ्या गोष्टींपासून दूर राहण्याचं, ती नुसतं म्हणत नाही, पाळते. एकदा खोकल्याच्या औषधाची बाटली तिने माझ्याकडून वाचून घेतली, त्यात अल्कोहोल निघालं तर बाटली मोरीत ओतली आणि महिनाभर खोकत बसली. अशी बाई. तिने तोंड भिंतीकडे केलं आणि सांगितलं, मला नको. मी सहन करीन.

मी समजावलं. औषध आहे, डॉक्टर देतायत, मजा करायला नाही. ती ऐकेना. शेवटी मी मोहन्याला भिवाकाकांना फोन लावला. ते विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, आई त्यांचं ऐकते. मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं, आजारपणात औषध घेतलं तर चालतं. काका अठरा मिनिटं बोलले. शील म्हणजे काय, ते का दिलं गेलं, आजची तरुण पिढी कुठे चाललीय. मध्ये त्यांनी कुणालातरी चहा सांगितला. मी फोन आईच्या कानाजवळ धरून उभी, हात दुखायला लागला. शेवटी ते म्हणाले की प्रश्न नाजूक आहे, भन्तेजींना विचारलेलं बरं, भन्तेजी नाशिकला गेलेत, सोमवारी येतील.

मी फोन ठेवला आणि सम्यकला बाहेर पॅसेजमध्ये ओढलं. जे मनात होतं ते सगळं बोलले. चार दिवस तू ऑफिस करतोस, मी इथे बसते, ती गुदमरताना मी बघते, आणि तू येऊन पाच मिनिटांत सगळ्यावर पाणी ओतलंस. लोक वळून बघत होते. सम्यकने ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तू लग्न करून गेलीस, ताई. बाबांना शेवटची सहा वर्षं मी उचलून आणलंय. डोळे उघडे असायचे आणि आत कुणी नसायचं. आईचे डोळे मला तसे बघायचे नाहीत."

त्याचं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. तो आपला खालमानेने उभा. मी म्हटलं, चहा घेऊन ये.

आत गेले तर आईने सिस्टरला सांगून डॉ. देवयानींना परत बोलावून घेतलेलं. मला न विचारता. डॉक्टर स्टूल ओढून तिच्या उशाशी बसलेल्या.

आईने विचारलं, "हे घेतल्यावर मी माझी राहीन का?"

"बहुतेक राहाल," डॉक्टर म्हणाल्या. "शंभर टक्के नाही सांगत. थोडं वेगळं वाटेल. बोलाल, ओळखाल, पण जग जरा लांब गेल्यासारखं वाटेल."

"आन् न्हाय घेतलं तर?"

"तर तुम्हाला खोकता येणार नाही. कफ आत कुजेल. परत न्यूमोनिया, परत नळी. त्यातून उठाल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

कफाचा आवाज तेवढा येत होता. मग ती म्हणाली, माझा नवरा प्यायचा तो शुद्ध घालवायला. मला शुद्ध घालवायची न्हाय, मला खोकायचंय. म्हंजे ते येगळं आन् हे येगळं. हे तिने डॉक्टरांना नाही, स्वतःलाच सांगितलं. अठरा मिनिटांत भिवाकाकांना जमलं नाही ते.

मग तिने अटी घातल्या. रचना, म्हणजे मी, जवळ बसणार. मी येड्यासारखं बडबडायला लागले की बंद करायचं. आणि भिवाला कुणी काही कळवायचं न्हाय, मी माझं सांगीन.

डॉक्टरांनी सगळं मान्य केलं आणि म्हणाल्या, "माझीही एक अट आहे. मला खरा आकडा पाहिजे. आत्ता, या मिनिटाला, किती दुखतंय?"

आईने माझ्याकडे बघितलं, जणू मीच चहाडी केलीय.

"नऊ," ती म्हणाली. "खोकायला गेलं की दहा."

चार दिवस. चार दिवस मी या बाईसाठी सिस्टरशी भांडले, डॉक्टरांच्या मागे पळाले, भावाला पॅसेजमध्ये झाडलं, आणि तो आकडा तिच्या तोंडात तयार होता. फाईल उचलून तिच्याच डोक्यात घालावी असं वाटलं. मी पाणी प्यायले.

दुपारी बाराच्या सुमारास पंप सुरू झाला. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. आई माझ्यावर नजर ठेवून होती, मी तिच्यावर. मला प्रश्न विचार, म्हणाली, मी शुद्धीत हाय का ते बघ. आज वार कोणता विचारलं, गुरुवार म्हणाली. आपल्या लाईनीत शेवटच्या खोलीत कोण राहतं विचारलं, गोदा, आन् तिची सून भांडकुदळ हाय, म्हणाली. बरोबर. मग ती शांतपणे म्हणाली, "छत खाली आलंय. हाताला लागंल इतकं." मी घाबरून उठले. डॉक्टरांनी पंपाचा आकडा थोडा कमी केला, खिडकीचा पडदा अर्धा ओढला, आणि आईला सांगितलं की ते औषधामुळे दिसतंय. माहीत हाय मला, आई म्हणाली, छत खाली येत न्हाय, मला कळतं.

अर्ध्या तासाने तिच्या मुठी सुटल्या. खांदे खाली आले. चार दिवस ते कानाला चिकटलेले होते, हे मला तेव्हा दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, आता कसं?

आईने विचार केला. खरोखर विचार केला, माझ्या पोरांना गणित घातल्यावर ती करतात तसा.

"दुखतंय," ती म्हणाली. "पण तिकडं दुखतंय." आणि तिने डोळ्यांनी पायाकडची भिंत दाखवली.

फिजिओथेरपिस्टला बोलावलं. आईने उशी छातीशी धरली आणि खोकली. पहिल्यांदा बारीक, मग असा खोकला की इतक्या वेळाने परतलेला सम्यक चहाचे कप घेऊन दारातच थांबला. इतका कफ निघाला की सिस्टरने दोनदा भांडं बदललं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती थांबली नाही. नंतर गोळ्यांचं खेळणं दिलं तर एक गोळी वर गेली आणि दुसरी थरथरली. सम्यक खाटेच्या पायथ्याशी गेला आणि वाकून तिच्या डोळ्यांत बघायला लागला. का रे टकमक बघतोस, माझ्या तोंडाला काय लागलंय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, काही नाही. त्याने चहा मला दिला, थंड झालेला.

दुपारभर ती अर्धवट झोपेत होती. सम्यक ऑफिसच्या फोनवर बाहेर गेलेला. चारच्या सुमारास तिने डोळे न उघडता मला हाक मारली.

"रचना. तुझ्या बापाला असंच वाटत असंल का? सगळं तिकडं दुखतंय असं?"

मी म्हटलं, मला काय माहीत, आई.

"त्याचं काय दुखत होतं, ते त्यानं सांगितलं असतं तर." डोळे मिटलेलेच. "चौतीस वर्षं संसार केला. कधी बोलला न्हाय. विचारलं की म्हणायचा, काही न्हाय, जेवायला वाढ."

ही बाई, जिच्याकडून एक आकडा काढायला डॉक्टरला करार करावा लागला, ती तक्रार करत होती की तिचा नवरा काही सांगायचा नाही. माझ्या ओठावर आलेलं. पण तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि या वेळी खोकल्याने नव्हे. मी तिचा हात धरला. तो गरम होता आणि सैल. बाबांबद्दल ती कधी रडलेली मी पाहिली नव्हती, मयताच्या दिवशीसुद्धा नाही. दहा मिनिटांनी ती घोरायला लागली.

हे औषधाने बोललं की ती, मला माहीत नाही. डॉ. देवयानींना विचारलं तर त्या म्हणाल्या, औषध नवीन काही आत टाकत नाही, पण मी त्यावर पैज लावणार नाही.

पंप दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी हळूहळू कमी करत थांबवला, तोवर साधी औषधं पुरेशी होत होती. दुखणं नवावरून चारावर आलं, शून्यावर कधीच नाही. एकदा तिला पडद्यावरच्या पट्ट्या चालताना दिसल्या, एकदा मळमळलं. बाकी काही नाही. एक्स-रे उघडत गेला, नळ्या निघाल्या, दहाव्या दिवशी आम्ही घरी आलो. सम्यकने गाडी ठरवलेली आणि मोहन्याच्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला आई ड्रायव्हरला बोलली.

पुढच्या रविवारी तिने विहारात खुर्चीवर बसून सगळ्यांदेखत सांगून टाकलं की मला नशेचं औषध दिलेलं, मी ते विचार करून घेतलं, कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. कुणी काही म्हटलं नाही. भिवाकाकांनी मात्र मला संध्याकाळी फोन केला आणि पंचवीस मिनिटं बोलले.

मार्चमध्ये तिला तपासणीला घेऊन गेले. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे पडलेले, मी ते पिशवीत घालून नेलेले, वाटलं रांगेत होतील. फुप्फुस पूर्ण उघडलंय, सर्जन म्हणाले. जखमेच्या खाली अजून जळजळ होते, ब्लाऊजची शिवण लागली तरी चटका बसल्यासारखं होतं. डॉ. देवयानींनी बोट फिरवून ती जागा तपासली. बरगडीखालची नस दुखावलीय, म्हणाल्या, सहा महिने लागतील, कदाचित जास्त, कदाचित थोडं कायमचं राहील. रोज झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली. आईने विचारलं, ही कसली? मग घटक वाचून दाखवायला लावले, सगळे, पाकिटाच्या मागचेसुद्धा. बाहेर वीस माणसं थांबलेली.

बाहेर आल्यावर लिफ्टपाशी गर्दी होती. आई म्हणाली, मी जिन्यानं जाते. तिसरा मजला आहे, म्हटलं, दोन मिनिटं थांब. तोवर ती निघालीसुद्धा. एक हात कठड्यावर, आणि तोंड चालू. सम्यकला आता मुलगी बघायला पायजे, तू मनावर घेत न्हाईस. गोदाची सून परत भांडली. त्या डॉक्टरीणबाई किती वाळल्यात, जेवतात का न्हाय कोण जाणे. मी मागून एक्स-रेचं पाकीट, फाईल, औषधं, तिसरीचे पेपर आणि तिची पिशवी सांभाळत उतरत होते. तळमजल्यावर पोचले तेव्हा मला धाप लागलेली. ती दाराशी उभी राहून मला म्हणाली, किती गं हळू चालतेस.